कापणावळ द्या, कोंबडी देऊन टाकू नका

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं भाषण. ज्या मैत्रिणींना सभेला येता आलं नाही, त्यांच्यासाठी बोलल्याप्रमाणेच छापत आहोत.)



आखाड तोंडावर आलाय. श्रावण लागायच्या आधी गावोगाव कोंबडीला मागणी असते. मुंबई-पुण्याची माणसं गावी येतात, लेकी-जावई येतात, जत्रा असतात. आणि नेमका ह्याच दिवसांत मोटारसायकलला डालगी बांधून व्यापारी आपल्या दारात येतो. कोंबडी हातात उचलतो, पंखाखाली बोट घालून बघतो आणि म्हणतो, "मावशी, नगाला तीनशे." आपण म्हणतो, "घ्या बाबा." झाला व्यवहार.

गेल्या काही बैठकांत बऱ्याच गटांनी मला एकच प्रश्न विचारला. "ताई, कोंबड्या आम्ही वाढवतो, दाणे आम्ही टाकतो, मुंगसापासून आम्ही राखतो. मग आम्हीच कापून मटण का विकू नये? की दुकानवाल्याकडून पैसे देऊन कापून घ्यावं?" प्रश्न चांगला आहे. दोन्ही बाजूंनी बोलणाऱ्या बायका आहेत. काहीजणी म्हणतात, "त्यात काय, आम्ही जन्मभर कापतोय." काहीजणी म्हणतात, "बाईच्या जातीने सुरी धरायची नसते." आणि काहीजणी म्हणतात, "जिला हाताने दाणे घातले तिच्या मानेवर सुरी कशी धरू?"

ह्यातलं कुणाचंच म्हणणं मी हसण्यावारी नेणार नाही. पण आज आपण आधी हिशोब मांडू, मग बाकीचं बोलू. एक आधीच सांगते, मी समाजकार्य शिकले आहे, पशुवैद्यक नाही. आजाराचा, औषधाचा विषय निघेल तिथे पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांचं आणि आपल्या पशुसखीचं ऐकायचं.

गिरणीवर आपण काय करतो?

जरा आठवा. ज्वारी दळायची असते तेव्हा आपण डबा घेऊन गिरणीवर जातो. दळणावळ देतो आणि पीठ घरी आणतो. ज्वारीही आपली, पीठही आपलं. गिरणीवाल्याला फक्त त्याच्या कामाचे पैसे. ब्लाऊज शिवायला टाकला तर शिवणावळ देतो, कापड त्याला देऊन टाकत नाही.

मग कोंबडीच्या बाबतीत काय होतं? कोंबडी अख्खीच व्यापाऱ्याला जाते. वजन करणं त्याच्याकडे, कापणं त्याच्याकडे, गिऱ्हाईक त्याच्याकडे आणि नफाही त्याच्याकडे. आपल्याकडे राहतं ते रिकामं खुराडं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. कापायचं काम कुणीही करो, तुम्ही करा, गटातली दुसरी बाई करो, नाहीतर दुकानवाला भाऊ करो. पण कोंबडी शेवटपर्यंत तुमची राहिली पाहिजे. कापणाऱ्याला कापणावळ द्या, कोंबडी देऊन टाकू नका.

आता हिशोब

वही काढा. मी जे दर धरते आहे ते समजण्यापुरते आहेत. तुमच्या बाजारात जो दर असेल तो टाकून घरी परत मांडा.

धरून चालू की तुमचा कोंबडा १ किलो ८०० ग्रॅमचा आहे. व्यापारी नगाला ३०० रुपये देतो. तोच कोंबडा काट्यावर तोलून किलोला २०० रुपयांनी जिवंत विकला तर होतात ३६० रुपये. म्हणजे सुरी न धरताच, नुसत्या वजनकाट्याने ६० रुपये वाढले. ही पहिली पायरी आहे आणि ती सगळ्यांना जमते. माळकरी मावशींनाही जमते, कारण त्यात कापाकापी नाही.

आता कापून विकायचं म्हटलं तर काय? कोंबडीचं रक्त, पिसं, आतडी, डोकं असं सगळं गेलं की जिवंत १ किलोमागे साधारण ६५० ते ७५० ग्रॅम हातात राहतं. कातडी काढली तर कमी, ठेवली आणि काळीज-पेठा धरला तर जास्त. आपण मधला आकडा धरू, ७०० ग्रॅम. म्हणजे १ किलो ८०० ग्रॅमच्या कोंबड्यातून १ किलो २६० ग्रॅम मटण निघेल.

कापणावळ ३० रुपये धरू. पिशवी आणि बर्फाचे १० रुपये. खर्च झाला ४० रुपये.

मटण किलोला ४०० रुपयांनी गेलं तर ५०४ रुपये येतील. ४० वजा करा. हातात ४६४. जिवंत तोलून विकण्यापेक्षा १०४ रुपये जास्त आणि व्यापाऱ्याच्या नगाच्या दरापेक्षा १६४ रुपये जास्त. अशा २० कोंबड्या असतील तर व्यापाऱ्याच्या दरावर ३,२८० रुपयांचा फरक पडतो.

पण थांबा. मटण किलोला ३०० रुपयांनीच गेलं तर? ३७८ रुपये येतील. ४० वजा केले की ३३८. म्हणजे जिवंत विकली असती तर ३६० मिळाले असते आणि इतका उपद्व्याप करून २२ रुपये कमी मिळाले. म्हणजे ह्या दरांना मटणाला किलोमागे साधारण ३२० रुपयांच्या वर भाव मिळत असेल तरच कापण्यात अर्थ आहे. त्याच्या खाली असेल तर जिवंत तोलून विका आणि मोकळ्या व्हा. कापून विकलं म्हणजे फायदाच होतो, असं समजू नका.

स्वतः कापलं तर ३० रुपये वाचतात ना?

हा प्रश्न येणारच. वाचतात, पण आपण आपल्या वेळेला किंमत देत नाही ही आपली जुनी सवय आहे. तो वेळही वहीत लिहू.

दोघीजणी मिळून एक कोंबडी कापून, पिसं काढून, साफ करायला नवीन असताना सहज २० मिनिटं जातील. म्हणजे दोघींची मिळून ४० मिनिटं. २० कोंबड्यांना ८०० मिनिटं, म्हणजे तेरा तासांच्या वर. शेतात खुरपायला गेलात तर हे दोन दिवसांचं काम झालं. रोजगार ३०० रुपये धरला तर ६०० रुपये. आणि कापणावळ किती वाचली? वीस त्रिक साठ, ६०० रुपये. म्हणजे जेवढे वाचले तेवढाच रोज बुडाला.

हात बसल्यावर वेळ निम्म्यावर येतो. मग एका दिवसाचा रोज, म्हणजे ३०० रुपये खरोखर वाचतात. पण त्यासाठी हात बसायला हवा, पाणी तापवायला लाकूड हवं, जागा हवी. दुकानवाल्याकडे बरेचदा पिसं काढायचं मशीन असतं. रबराच्या बोटांचा गोल पिंप फिरतो आणि पिसं निघून येतात. त्याच्या वेगाशी आपण चुलीवरच्या पातेल्याने शर्यत लावू नये.

म्हणून माझा साधा हिशोब असा. घरच्यासाठी, पाहुण्यांसाठी, शेजारी एखाद-दुसरी द्यायची असेल तर स्वतः कापा, मजुरीचा प्रश्न येत नाही. दहा-वीस एकदम निघणार असतील तर कापणावळ देऊन कापून घ्या. मधल्या आकड्याला गटातल्या ज्या बाईचा हात बसला आहे तिला कापणावळ द्या. पैसा गटातच राहील.

कापणाऱ्याशी काय ठरवायचं

आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या मुलाणी भाऊ हे काम करत आले. जत्रेत, लग्नाकार्यात आधी त्यांनाच बोलावणं जायचं. आता नाक्यावर चिकनची दुकानंही झालीत. हे आपले शत्रू नाहीत. त्यांचं काम कसबाचं आहे आणि त्याचे पैसे आनंदाने द्यायचे. पण बोलणी आधी करायची. सहा गोष्टी लिहून घ्या.

एक, कापणावळ नगावर किती ते आधी ठरवा. पिसं काढणं, भाजणं, तुकडे करणं त्यात आलं का ते विचारा.

दोन, जिवंत वजन आणि मटणाचं वजन, दोन्ही तुमच्यासमोर, तुमच्या वहीत.

तीन, काळीज-पेठा आणि पाय परत मिळणार का? काही ठिकाणी ते कापणावळीतच धरतात. धरायचे तर धरू द्या, पण मग कापणावळ तेवढी कमी करायला सांगा.

चार, आपल्या कोंबड्यांच्या पायाला रंगीत दोरा बांधा आणि पाय शेवटपर्यंत जवळ ठेवायला सांगा. दुकानात ब्रॉयलरचीही कापणी चालू असते. गर्दीत अदलाबदल झाली तर गावरान म्हणून पैसे दिलेलं गिऱ्हाईक परत येत नाही.

पाच, सकाळी दुकान उघडताच, पाट आणि सुरी धुतलेली असताना आपला नंबर लावा.

सहा, कापताना गटातली एक बाई तिथे हजर पाहिजे. कोंबड्या सोडून बाजार करायला जायचं नाही.

आणखी एक. हलाल हवंय असं सांगणारं गिऱ्हाईक असतं, आणि नको म्हणणारंही असतं. जे आहे ते खरं सांगा. आपण स्वतः कापलेली कोंबडी हलाल म्हणून विकायची नाही. श्रद्धेच्या गोष्टीत खोटं बोललं तर चार पैसे मिळतील, पण गावातला विश्वास जाईल आणि तो परत मिळवता येत नाही.

पैसे देऊन कापून घेणार, मग शिकायचं कशाला?

शिकायचंच. ज्या बाईला पीठ कळतं तिला गिरणीवाला जाड दळून देऊ शकत नाही. काम माहीत असलं की कुठे पाणी मुरतंय ते समजतं. आणि अडीअडचणीला कुणाची वाट बघावी लागत नाही. बऱ्याच घरांत काय होतं, पाहुणे येऊन बसलेले असतात आणि कोंबडी कापायला कुणीतरी बाप्या माणूस घरी यायची वाट बघत बाई चुलीपाशी बसलेली असते. वाढवलं तिने, शिजवणार ती, मधल्या पाच मिनिटांसाठी अडलं.

पद्धत थोडक्यात सांगते.

आदल्या रात्रीपासून दाणे बंद करा, पाणी चालू ठेवा. पोट रिकामं असलं की आतडी फुटून घाण पसरत नाही. कोंबडी पहाटे, अंधारातच उचला. मागे धावून धरलेली कोंबडी घाबरते, अंगावर रक्त साकळतं आणि मटण चिवट लागतं.

पत्र्याचा एक शंकू करून घ्या, खालून तोंड कापलेला. तो खांबाला ठोका. कोंबडी त्यात उलटी सोडली की डोकं खालून बाहेर येतं, पंख आवळले जातात आणि ती शांत राहते. फडफड होत नाही, आपल्यालाही लागत नाही. सुरी धारदारच हवी. बोथट सुरीने कोंबडीचे हाल होतात आणि कापणारीचा हातही थरथरतो. जबड्याच्या खाली मानेच्या दोन्ही बाजूंच्या शिरा एका झटक्यात कापल्या की दोन-तीन मिनिटांत रक्त निथळतं. पूर्ण शांत झाल्याशिवाय गरम पाण्यात घालायची नाही. जिला आपण वाढवलं तिला शेवटी हाल न होता जाऊ द्यावं, एवढं तर आपण तिचं देणं लागतो.

पाणी उकळतं नको. उकळत्या पाण्यात कातडी शिजते आणि पिसांबरोबर फाटून येते. साधारण ६० अंशांच्या आसपास, म्हणजे वाफा निघतात पण बुडबुडे नाहीत, बोट बुडवून ठेवता येत नाही असं. पायाला धरून बुडवा आणि वर-खाली हलवा. पंखाचं मोठं पीस सहज सुटलं की काढा. मग पिसं काढून, जाळावर भाजून, हळद लावायची, ते तुम्हाला मी शिकवायला नको!

साफ करताना चार गोष्टी सांभाळा. शेपटीवरची तेलाची गाठ काढा. मानेखालची दाण्यांची पिशवी काढा. खालचा छेद उथळ घ्या, आतडं फुटू देऊ नका. आणि काळजाला चिकटलेली हिरवी पित्ताची पिशवी फुटू देऊ नका. ती फुटली की मटण कडू झालंच.

मग स्वच्छ गार पाण्यात किंवा बर्फात ठेवा. बर्फ नसेल तर दोन तासांच्या आत चुलीवर गेलंच पाहिजे. कच्च्या मटणाची सुरी आणि पाट भाजीला वापरायचा नाही, साबणाने धुऊन मगच. हात साबणाने. कोंबडीच्या पोटात साल्मोनेलासारखे जंतू असतात. दिसत नाहीत, पण घरभर जुलाब लावतात. लहान मुलांच्या हातात खेळायला पाय, डोकं देऊ नका.

ह्या कोंबडीला सुरी लावायचीच नाही

आता जे बोलते आहे ते कानात तेल घालून ऐका. बाकी सगळं विसरलात तरी चालेल.

राणीखेत आली, कोंबड्या मान टाकायला लागल्या की आपल्याकडे काय करतात? "मरायच्या आधी कापून घ्या, तेवढंच नुकसान वाचेल." भराभर कापतात, खातात, शेजारी वाटतात, कधी स्वस्तात विकतातही. हे बंद करायचं. आजारी कोंबडी कापायची नाही, मेलेली तर नाहीच नाही.

कोणता आजार आहे हे डोळ्यांनी ओळखता येत नाही. २००६ साली फेब्रुवारीत आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू सापडला. देशात तो पहिल्यांदा तिथे नोंदला गेला. २०२१ च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यात मुरुंब्याला पुन्हा सापडला. हा आजार माणसाला क्वचित होतो, पण होतो. आणि धोका ताटातल्या नीट शिजलेल्या मटणापेक्षा कापताना जास्त असतो. रक्त, आतडी, पिसं, सगळं हाताला, नाकातोंडाला लागतं. ७० अंशांच्या वर नीट शिजलं की विषाणू मरतो. पण कापणारी बाई त्याच्या आधीच त्याच्या समोर बसलेली असते. घरात बहुतेक वेळा साफ करणारी कोण असते? आपणच. म्हणून हा बाईच्या जिवाचा प्रश्न आहे.

दोन-तीन कोंबड्या एकदम मेल्या, तुरे निळे पडले, नाकातोंडातून पाणी यायला लागलं तर पशुसखीला आणि पशुवैद्यकीय दवाखान्याला त्याच दिवशी कळवा. मेलेल्या कोंबड्यांना उघड्या हाताने शिवू नका. हातावर प्लॅस्टिकची पिशवी आणि तोंडाला फडकं बांधूनच उचला आणि डॉक्टर सांगतील तसं खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. नुकसान सोसेल, पण घरातलं माणूस अंथरुणाला लागलेलं सोसणार नाही.

तसंच, ज्या कोंबडीला औषधं चालू आहेत ती लगेच कापू नका. औषध थांबवल्यावर किती दिवसांनी खायला चालेल ते डॉक्टरांना विचारा.

विकायचं तर कागद हवा

घरच्यापुरतं कापायला कुणाची नोंदणी लागत नाही. पण कापलेलं मटण विकायचं म्हटलं की तो अन्नाचा व्यवसाय झाला. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा २००६ सालचा आहे आणि नोंदणीचे नियम २०११ चे. त्या नियमांत लहान व्यावसायिकासाठी साधी नोंदणी ठेवली आहे. वर्षाची उलाढाल १२ लाखांच्या आत आणि दिवसाला ५० पर्यंत कोंबड्या, अशी त्यात मर्यादा होती आणि फी वर्षाला १०० रुपये. नियमांत बदल होत राहतात, त्यामुळे अर्ज भरायच्या आधी अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात चालू नियम विचारून घ्यायचे आणि ग्रामपंचायतीलाही कळवायचं. एखादा गट हे करणार असेल तर अर्ज भरायला मी तुमच्याबरोबर बसेन. ज्या दुकानवाल्याकडून कापून घ्याल त्याच्याकडे नोंदणी आहे का, हेही विचारा. विचारायला लाजायचं नाही.

आणि घाण. २० कोंबड्या म्हणजे जिवंत ३६ किलो. त्यातले जवळजवळ ११ किलो पिसं, आतडी, रक्त. हे ओढ्यात टाकायचं नाही, उकिरड्यावर उघडं टाकायचं नाही. कुत्री येतात आणि एकदा चटक लागली की तीच कुत्री आपल्या खुराड्यावर येतात. विहिरीपासून, बोअरपासून लांब खड्डा, वर चुना, वर माती. खड्डा खणायची तयारी नसेल तर स्वतः कापून विकायचा विचार सोडून द्या.

कापायच्या आधी गिऱ्हाईक

जिवंत कोंबडी उद्यापर्यंत थांबते, कापलेली थांबत नाही. म्हणून आधी गिऱ्हाईक, मग सुरी. गटाच्या वहीत नाव लिहा, किती किलो हवंय ते लिहा, थोडे पैसे आगाऊ घ्या. दहा किलोची मागणी असेल तर त्या वजनाच्याच कोंबड्या काढा. उरलेल्या खुराड्यात राहतील, अंगावर चार तोळे जास्तच चढतील.

कोणत्या काढायच्या? आधी कोंबडे काढा, तलंगा ठेवा. आखाडाच्या भरात अंड्यावर यायला आलेली तलंग विकून टाकली तर पुढचे कित्येक महिने अंड्यांचा पैसा गेला. व्यापारी मात्र येईल तेव्हा सगळं एकदम मागेल, "उरलेल्या दोन-तीन कशाला ठेवता?" म्हणेल. त्या दोन-तीनच तुमचं पुढचं भांडवल आहेत.

जिला नको तिला नको

आता सुरुवातीच्या बोलण्याकडे येते. "बाईने सुरी धरू नये" असं शास्त्र सांगणाऱ्याला विचारा, मासे कोण साफ करतं? मटणाचे तुकडे कोण करतं? मग तिथे सुरी चालते आणि पैसा जिथे हातात येतो तिथेच ती का चालत नाही?

पण ज्या ताईला आपल्या हातची कोंबडी कापवत नाही, तिच्यावर कुणी हसायचं नाही. तो तिचा जीव आहे. एकमेकींच्या कोंबड्या कापा, किंवा दुसऱ्या बाईकडे द्या. ज्या मावशींच्या गळ्यात तुळशीची माळ आहे त्यांनी वजनकाटा आणि वही सांभाळावी. गटाला कापणारीइतकीच हिशोब लिहिणारी लागते. कापणं जमलं नाही म्हणून नफ्यातला वाटा कमी, असं कुठल्याही गटाने करू नये. आणि कापता येतं म्हणून सगळ्या गावाच्या कोंबड्या एकाच बाईच्या गळ्यात फुकट घालू नयेत. तिलाही कापणावळ, रोख, त्याच दिवशी.

कोंबडीचा पैसा हा आपल्याकडे पहिल्यापासून बाईचा पैसा मानला जातो. अंडी विकून वही-पेन आणलं, कोंबडी विकून दवाखाना केला, हे प्रत्येक घरात घडलेलं आहे. हा पैसा मागायला कुणापुढे हात पसरावा लागत नाही. नगाला तीनशे म्हणून तो दारातच संपवायचा की काट्यावर घालून, वहीत लिहून, शेवटपर्यंत आपल्या हातात ठेवायचा, हे आपण ठरवायचं.

ह्या महिन्यात काय करायचं

मोठं काही नको. मशीन नको, कर्ज नको, दुकान तर नकोच. एक आखाड नीट करून बघू.

प्रत्येक ग्रामसंघाने ह्या बैठकीत तीन गोष्टी ठरावात लिहाव्यात. पहिली, गावात एक वजनकाटा सामायिक असेल आणि एकही कोंबडी न तोलता विकली जाणार नाही. दुसरी, जवळच्या दोन कापणाऱ्यांशी बोलून कापणावळीचा दर लिहून आणायचा, कोण जाणार तिचं नाव लिहायचं. तिसरी, तयार असेल त्या एका गटाने पाच कोंबड्या जिवंत तोलून विकायच्या, आणि पाच मागणी घेऊन, नोंदणी असलेल्या दुकानात कापणावळ देऊन कापून घ्यायच्या आणि त्याच दुकानात गिऱ्हाइकाच्या हातात द्यायच्या. पैसे आपल्या वहीत आणि दोन्हीचा हिशोब शेजारी-शेजारी.

श्रावणात कोंबडीला कोण विचारत नाही, सगळ्यांना वेळ असतो. त्या महिन्याच्या सभेला त्या दहा कोंबड्यांची वही घेऊन या. पाचांचे किती आले, पाचांचे किती आले, ते सगळ्यांसमोर वाचू. जिवंत विकणंच परवडलं असं निघालं तर तसंच ठरवू, त्यात कमीपणा नाही. कापून घेणं परवडलं तर दिवाळीनंतरच्या जत्रांसाठी आतापासून पिल्लं टाकू.

आणि हो, व्यापारी उद्याही येणारच आहे. आला की त्याला बसायला द्या, पाणी द्या आणि म्हणा, "भाऊ, आधी काटा."